बी दिलंत, आता बांधाचा हिशेब द्या
(रायगड जिल्हा बैठकीतील भाषण)



आपल्या खारपट्ट्यात विद्यापीठांचे संशोधक येतात. माती पिशवीत घालतात, खाडीचं पाणी बाटलीत भरतात, गट नंबर लिहून घेतात आणि जातात. त्यांच्याशी माझं भांडण नाही. दापोलीचं कोकण कृषी विद्यापीठ १९७२ साली निघालं. त्याच्या पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्रानं 'पनवेल १', 'पनवेल २', 'पनवेल ३' ही खार सोसणारी भातं दिली. दुसरं बी जिथं पिवळं पडून जळतं, तिथं ही भातं उभी राहतात. हे काम मोलाचं आहे, ते मान्य करूनच पुढं बोलतो.

पण खार सोसणारं बी म्हणजे समुद्र पिणारं बी नव्हे. समुद्राच्या एका लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम मीठ असतं. मातीतला खार मोजतात तो तिच्या विद्युतवाहकतेवरून. हा आकडा ४ च्या वर गेला की जमीन खारवट धरतात. साधं भात ३ च्या पुढेच कुरकुरायला लागतं, आणि शास्त्रज्ञांच्या कोष्टकाप्रमाणे तिथून प्रत्येक अंकामागे सुमारे १२ टक्के पीक घटतं. आकडा ८ झाला की दहा पोत्यांची चार पोती! खार सोसणारं भात याहून बरं टिकतं, पण रोप कोवळं असताना आणि फुलोऱ्यात तेही नाजूकच. आणि उधाण काही पिकाची वेळ पाहून येत नाही.

खारजमीन पिकते कशी, हे तुम्हाला मी काय सांगायचं? उन्हाळ्यात मीठ वर येतं, जमीन पांढरी पडते. आषाढाचा पाऊस ते धुतो आणि ओहोटीला उघाडीतून ते खाडीत जातं. भरतीच्या पाण्यानं उघाडीचं दार आपोआप मिटतं. दार कुजलं, किंवा खेकड्यांनी पोखरलेला बांध फुटला, की सगळी मेहनत एका भरतीत संपते. मग विद्यापीठाचं बी काय करणार?

बांध कोणाचा, इथं सगळे गप्प होतात. खारभूमीचा कायदा १९४८ पासून आहे, १९७९ ला नवा झाला. योजनेतला बांध सरकारचा. बाकीचा 'खाजगी', म्हणजे तुमचं तुम्ही बघा. खांड वेळेवर बुजली नाही की दोन-चार वर्षांत शेतात तिवरं उगवतात. मग कागदावर ते कांदळवन होतं. मुंबई उच्च न्यायालयाच्या २०१८ च्या निकालाप्रमाणे कांदळवन तोडता येत नाही, जमीन खाजगी असली तरी. तिवरं बांधाच्या बाहेर हवीतच, लाटेचा मार तीच घेतात. पण बांधाच्या आत ती आली ती खांडीतून, आणि खांड कोणी बुजवली नाही हे कोणत्या कागदावर लिहिलंय?

म्हणून संशोधकांकडं माझं मागणं आहे. तुमचा आकडा गट नंबरासकट, मराठीत, ग्रामसभेत वाचा. बांध फुटण्याआधी खार किती आणि नंतर किती, हे दोन आकडे शेतकऱ्याच्या हातात असले तर पंचनाम्याला काही अर्थ येईल. नाहीतर पाणी ओसरल्यावर शेत चार दिवस हिरवंच दिसतं आणि साहेब म्हणतात, नुकसान कुठं आहे?

आणखी एक. खाडीत आता नुसतं मीठ नाही. तळोज्याच्या कारखान्यांजवळच्या कासाडी नदीचं प्रकरण हरित लवादापर्यंत गेलं, ते उगीच नव्हे. खार मोजणाऱ्या यंत्राला समुद्राचं मीठ आणि कारखान्याचं मीठ यांतला फरक कळत नाही. पाण्यातला प्राणवायू किती आणि रासायनिक घाण किती, हे वेगळं तपासावं लागतं. तसं तपासल्याशिवाय 'पाणी खारट आहे' एवढंच लिहून कोणी जाऊ लागलं तर सही करू नका.

आपणही नमुने घ्यायचे. मे महिन्यात पाऊस पडायच्या आधी शेतातल्या सात-आठ जागांची वीतभर खोलीपर्यंतची माती एकत्र करा. पाण्याची बाटली त्याच पाण्यानं तीनदा विसळून गच्च भरा, बर्फात ठेवा आणि त्याच दिवशी पोचवा. बाटलीवर गट नंबर, तारीख, आणि भरती होती की ओहोटी, ते लिहा. प्रत्येक गावानं आपल्या वहीत नोंद ठेवायची. वह्या पुढच्या बैठकीला घेऊन या.