चिंधी बांधलेला दोडका

(दिवाळीनंतर झालेल्या प्रभागसंघाच्या महिला मेळाव्यात एका कृषी सखीनं केलेलं भाषण. ज्या तायांना येता आलं नाही त्यांच्यासाठी इथं छापत आहोत.)



बँक जोडणीवर साहेब बोलले, आरोग्यावर नर्सताई बोलल्या. माझ्या वाट्याला परसबाग आलीय, आणि जेवणाची वेळ पण झालीय. तरी उठू नका. मी जे सांगणार ते त्या जेवणाचंच आहे.

सोयाबीन निघालं. कुणाच्या हातात पैसा आला, कुणाचा अजून यायचाय. आता थंडीचे चार महिने बाजारात भाजी भरपूर दिसेल, म्हणून आपण निवांत राहतो. पण मला सांगा, आठवडी बाजाराला तुम्ही भाजीवर किती घालता? मागं एका गटाच्या बैठकीत विचारलं तर कुणी शंभर म्हणालं, कुणी दीडशे. शंभरच धरा. सोळा आठवड्यांचे सोळाशे झाले. गटात तेवढी बचत टाकायची म्हणलं की आपण पदर झटकतो. आणि उन्हाळ्यात तर भाजी इतकी महागते की घरात डाळ आणि बेसनावरच निभतं.

नर्सताईंनी रक्ताचं सांगितलंच. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या शंभर बायकांमागं चोपन्न जणींचं रक्त कमी निघालं. इथं मांडवात बसलेल्या अर्ध्याहून जास्त. गोळी तर घ्यायचीच. पण ताटात रोज मूठभर हिरवं पाहिजे, वरून लिंबू पिळलेलं पाहिजे. आणि भाजी निवडून, करून, सगळ्यांना वाढून झाल्यावर आपल्या वाट्याला काय उरतं, ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक.

परसबाग तुम्हाला नवी नाही. ‘उमेद’च्या पोषण परसबागेत किती जणींनी गोल आखणी करून वाफे पाडले होते. फोटो पण छान निघाले. मग पुढच्या वर्षी किती राहिल्या? मी गावोगाव फिरते म्हणून सांगते, बऱ्याच ठिकाणी बी संपलं तिथं बाग संपली. बियाची पाकिटं मिळाली होती, ती पेरली, खाल्लं, संपलं. पुन्हा कुणी पाकीट देईल म्हणून वाफा तसाच राहिला आणि त्यात कोंबड्या बसल्या. बाग गोल केली का चौकोनी, याला माझ्या लेखी काही अर्थ नाही. कोंबडीला दोन्ही सारखंच. बी कुठून येणार, हे आधी ठरवा.

आपल्या आज्या बी विकत आणत नव्हत्या. दोडक्याचा वेल चांगला लागला की त्यातलं एक सरळ, लांब फळ बघायच्या आणि त्याच्या देठाला लुगड्याची चिंधी बांधायच्या. चिंधी दिसली की सुनेनं तोडायचं नाही, पोरांनी हात लावायचा नाही. ते फळ वेलावरच वाळायचं आणि हलवलं की आत बी खुळखुळायचं. काकडीचं, भोपळ्याचं बी शेणात थापून भिंतीला लावायच्या. मक्याची कणसं चुलीवर धुरात टांगलेली असायची. वालाचं बी राखेत घोळून गाडग्यात, आणि गाडगं उतरंडीत. आता चुलीच्या जागी गॅस आला, ते बरंच झालं, डोळे वाचले. पण धूर गेला तशी टांगलेली कणसं पण गेली, आणि म्हातारी गेली की उतरंडीतलं गाडगं उकिरड्यावर जातं. तुमच्या आजीच्या दारात जो वाल होता, काळ्या डोळ्याचा का लाल काठाचा, तो आज कुणाच्या घरी आहे? ज्यांच्याकडं आहे त्यांनी हात वर करा बरं. (सात हात वर झाले.) दोनशे बायकांत सात.

अहिल्यानगर जिल्ह्यात अकोले तालुक्यात कोंभाळणे म्हणून गाव आहे. तिथल्या राहीबाई पोपेरे. शाळेत कधी गेल्या नाहीत. वाल, भात, वेलभाज्या, रानभाज्या, जे जे जुनं बी हाती लागलं ते त्यांनी गोळा केलं, पेरलं, वाढवलं, वाटलं. पुढं ‘बायफ’ संस्थेची साथ मिळाली आणि घरातच बियाणे बँक उभी राहिली. २०१८ मध्ये बीबीसीनं जगातल्या शंभर महिलांची यादी काढली, त्यात त्यांचं नाव होतं. २०२० ला पद्मश्री जाहीर झाली. लोक त्यांना बीजमाता म्हणतात. त्यांनी केलं काय, तर आपल्या आज्या करायच्या तेच, फक्त सोडलं नाही.

आता कामाचं. वहीत लिहून घ्या, नाहीतर शेजारणीला लिहायला सांगा.

घरी गेल्यावर आधी कुंपणावर नजर टाका. पावसाळी दोडका, घोसाळं, दुधी, चवळी, गवार, भेंडी यांची वाळलेली फळं कुठं कुठं लटकत असतील. अंबाडीची बोंडं पण पिकत आलीत. पण दिसेल ते ओरबाडू नका. आपली खोड काय आहे, चांगलं चांगलं खायचं आणि शेवटी वेल म्हातारा झाल्यावर जे वाकडंतिकडं राहील ते बियाला ठेवायचं. पुढच्या वर्षी मग तसंच वाकडं येतं. ज्या वेलाला रोग कमी आला, फळं जास्त लागली, त्याच वेलाचं बी घ्या. आणि आजपासून, वांगी-टोमॅटो तोडायला गेलात की चांगल्यातलं चांगलं झाड निवडून त्याला चिंधी बांधा. वांगं झाडावर पिवळं पडेपर्यंत राहू द्या. टोमॅटो पूर्ण लाल झाला की गर पिळून एक-दोन दिवस तसाच ठेवा, थोडा आंबू द्या, म्हणजे बियाभोवतीचा बुळबुळीतपणा सुटतो. मग धुऊन ताटात पसरा. कागदावर टाकू नका, चिकटतं.

एक सावधगिरी. दुधी, दोडका, काकडी यातलं कडू निघालेलं फळ खायचं नाही आणि त्याचं बी पण ठेवायचं नाही. देठाकडचा तुकडा जिभेला लावून बघायचा, कडू लागला की थुंकायचा. कडू दुधीनं, विशेषतः त्याच्या रसानं, माणसं दवाखान्यात गेलेली आहेत. हे चेष्टेवारी नेऊ नका.

दुसरं, पाकिटावर ‘संकरित’ किंवा ‘एफ-१’ लिहिलेलं असेल, म्हणजे आपण ज्याला हायब्रीड म्हणतो ते, तर त्याचं बी धरून उपयोग नाही. पुढच्या पिढीत एक झाड आईसारखं, एक बापासारखं, एक कुणासारखंच नाही. मी हायब्रीडच्या विरोधात नाही. बाजारात विकायला दहा गुंठे टोमॅटो लावणार असाल तर खुशाल हायब्रीड घ्या, पावती जपून ठेवा. पण दारातल्या खायच्या भाजीला गावरान किंवा ‘सुधारित’ लिहिलेलं बी घ्या, म्हणजे एकदाच पैसे जातील. चवळी, वाल, गवार, वाटाणा, मेथी, टोमॅटो यांचं बी धरणं सोपं, ती आपली आपल्यात फळतात. वेलांचं तसं नाही. लांब दुधी आणि गोल दुधी शेजारी लावला तर मधमाशी दोन्हीकडं फिरते, तिला सातबारा कळत नाही. म्हणून बी धरायचं असेल तर दुधीची एकच जात लावा. दोडका शेजारी असला तरी चालतो, तो दुधीत मिसळत नाही.

बियाला मारणाऱ्या दोनच गोष्टी, ओल आणि उष्णता. बी सकाळच्या कोवळ्या उन्हात वाळवा, दुपारी तापलेल्या पत्र्यावर नको. वाळलं का हे दातानं बघा. भोपळ्याचं बी वाकवलं तर कट्‌ मोडलं पाहिजे, वाकलं तर अजून ओलं. मग चाळलेली कोरडी राख घालून झाकणाच्या बरणीत ठेवा. बरणी गॅसच्या ओट्यावर नको, धान्याच्या कोठीमागं, अंधारात. बरणीत चिठ्ठी टाका. कशाचं बी, कोणत्या महिन्यातलं, कुणाच्या घरचं. कांद्याचं बी वर्षभरातच जोर सोडतं. टोमॅटो, वांगी, वेलभाज्या नीट ठेवल्या तर तीन-चार वर्षं चालतात.

आता सगळ्यात महत्त्वाचं. २०२० च्या खरिपात काय झालं होतं आठवतंय? आपल्या मराठवाड्यात सोयाबीन उगवलंच नाही म्हणून हजारो तक्रारी झाल्या, कोर्टापर्यंत गेलं. तेव्हापासून घरचे पुरुष ओल्या गोणपाटात शंभर दाणे मोजून उगवण बघायला लागले. शंभरातले सत्तर उगवले तर बी चांगलं. मग भाजीच्या बियाला हा नियम का नाही? दहा बिया घ्या. ओल्या फडक्यात घडी घालून डब्यात ठेवा, मटकीला मोड आणतो तसंच. फडकं ओलसर राहू द्या, पाणी साचू देऊ नका. आठव्या दिवशी मोजा. मिरचीला दोन आठवडे लागतात, धीर धरा. दहातले सात उगवले तर बिनघोर पेरा. पाच-सहा उगवले तर दाट पेरा. चारच्या खाली असेल तर वाफा, पाणी आणि महिना तिन्ही वाया घालवू नका. पाकिटातलं बी गुलाबी-निळं रंगवलेलं असेल तर त्याला औषध लावलेलं असतं. ते कोंबड्यांपुढं टाकू नका, पोरांच्या हाताला लागू देऊ नका, आणि पेरल्यावर हात साबणानं धुवा.

माती आपली काळी. ओली झाली की चिखल, वाळली की दगड. म्हणून वाफा चार बोटं उंच करा आणि तीन फुटांहून रुंद नको, दोन्हीकडून हात पोचला पाहिजे. बी किती खोल? बियाच्या जाडीच्या दुप्पट-तिप्पट, त्याहून खाली नाही. वरून काळी माती लोटू नका, चाळलेलं कुजलेलं शेणखत भुरभुरा, म्हणजे कोंब फोडून वर येतो. धने हलके रगडून दोन फाका करा आणि रात्रभर भिजवा. पालकाचं बी पण भिजवा. सगळं एकदम पेरू नका. मेथी या आठवड्यात एक ओळ, दहा दिवसांनी दुसरी. नाहीतर एक दिवस सगळ्या गावाला मेथी वाटायची आणि पुढं महिनाभर काही नाही. न्हाणीचं पाणी चालतं, कपड्याच्या पावडरीचं मात्र भाजीला घालू नका. कुंपणाला बाभळीच्या काट्या नाहीतर जुन्या साड्या.

आज पेरलेली मेथी, पालक, कोथिंबीर, मुळा भोगीपर्यंत हाताशी येतील. गाजर मात्र ऑक्टोबरात पडायला पाहिजे होतं. आता टाकलं तर भोगीच्या भाजीला नाही, शिवरात्रीच्या उपासाला खा, ज्यांच्यात चालतं त्यांनी.

उन्हाळी वेलांची तयारी पण थंडीतच करायची. डिसेंबरात जमीन इतकी गार असते की काकडी-दोडक्याचं बी कुजून जातं. परभणीला विद्यापीठात काही वर्षी थंडी पाच अंशांच्या खाली नोंदलीय, आपण तिथून किती लांब? म्हणून घाई करू नका. संक्रांत झाली की बी रात्रभर भिजवा, कारल्याचं जरा जास्त, त्याचं टरफल टणक. मग ओल्या फडक्यात बांधून भुशात किंवा गोधडीत उबेला ठेवा. मोड दिसला की दुधाच्या रिकाम्या पिशवीत माती-खत भरून एक-एक लावा. पिशवीला खाली भोकं पाडायला विसरू नका. दोन-तीन पानं आली की आळ्यात लावा. तोवर हळद काढणीला आलेली असते, पाला भरपूर मिळतो. तो आळ्यात पसरा, पाणी निम्म्यावर येतं.

गटानं काय करायचं ते सांगते आणि बसते. दहा जणींनी दहा बरण्या वाटून घ्या. एकीकडं दोडका, एकीकडं चवळी, एकीकडं अंबाडी. जिला बी पाहिजे तिनं मूठभर न्यायचं आणि हंगाम झाला की दोन मुठी परत करायचं. जुन्या काळी धान्य सवाई-दिढीनं द्यायचे, तसं हे दुपटीनं. गटाच्या वहीत त्याला एक पान ठेवा, अंतर्गत कर्जासारखंच. कुणी म्हणेल, असं बी देणं-घेणं कायद्यात बसतं का? बसतं. २००१ च्या पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्यानं शेतकऱ्याला घरचं बी ठेवायचा, पेरायचा, अदलाबदल करायचा, विकायचासुद्धा हक्क आहे. फक्त संरक्षित वाणाचं बी कंपनीसारखं छापील नावानं विकता येत नाही. आणि त्या कायद्याच्या लेखी शेतकरी म्हणजे शेत कसणारी बाई पण, सातबाऱ्यावर नाव असो नसो.

पुढच्या महिन्याच्या बैठकीला येताना प्रत्येकीनं दहा बियांचं फडकं घेऊन या, उगवलेलं असो का नसो. तिथं मोजू. आणि ते सात हात वर केलेल्या मावश्या, तुम्ही जेवायला जायच्या आधी मला भेटा. काळ्या डोळ्याचा वाल कुणाकडं आहे? मूठभर द्या, मी दोन मुठी परत करीन.