प्लास्टर निघाल्यानंतर



ज्या बाईंच्या स्मृत्यर्थ आपण येथे जमलो आहोत, त्यांनी याच शाळेत मला शरीरशास्त्राचे पहिले धडे दिले. हाड हा निर्जीव खांब नव्हे, असे त्या वारंवार बजावीत. पुढे मी अस्थिशल्यचिकित्सक झालो. तरी त्या बोलण्याचा पुरता अर्थ मला उमगला तो माझ्या आईच्या मनगटामुळे.

बेळगावच्या पावसाळ्यात अंगणातील शेवाळावरून ती घसरली, हातावर पडली आणि मनगट मोडले. डब्लिनच्या अब्राहम कॉलिस यांनी १८१४ साली, क्ष-किरणांचा मागमूसही नसताना, ज्याचे वर्णन केले तोच हा अस्थिभंग. सहा आठवड्यांनी मी स्वतः प्लास्टर काढले. हाड उत्तम जुळले होते. "आई, आता हाताला जप," एवढे सांगून मी मोकळा झालो. तिने तो हात खरोखरच जपला. इतका, की परातीलाही लावला नाही.

हाडात जुने झिजविणाऱ्या आणि नवे रचणाऱ्या अशा दोन्ही पेशी अखंड राबत असतात. त्यांच्या व्यवहाराचा तोल पुष्कळसा हाडावर पडणाऱ्या भारावर अवलंबून असतो. जर्मन शल्यवैद्य युलियुस वोल्फ यांनी १८९२ साली हाडाच्या रचनेचे भाराशी असलेले हे नाते मांडले. भार नाहीसा झाला की झीज वरचढ होते. अंतराळात राहणाऱ्यांच्या खुब्याचे हाड दरमहा सुमारे एक टक्का घटते, ते याचमुळे. मनगटाजवळचे हाड आतून जाळीदार; तेथे ही घट लवकर होते आणि प्लास्टर निघाल्यावरही काही महिने चालू राहू शकते. भरपाई मात्र संथ असते. वर्ष लागते, कधी अधिक, आणि प्रत्येक वेळी ती पूर्ण होतेच असे नाही.

म्हणून प्लास्टर असतानाच बोटे व खांदा हलवीत राहावे. ते निघाल्यावर तळहात उलटसुलट फिरविणे, चेंडू दाबणे, आणि वैद्यांनी अनुमती दिल्यावर कणीक मळणे, भाकरी थापणे. आपल्या घरांतला हा व्यायाम मी आईला वर्ज्य केला होता!

माझी दुसरी चूक अधिक गंभीर. पन्नाशीनंतर साध्या पडण्याने मनगट मोडणे ही साऱ्या सांगाड्याची पूर्वसूचना असते. तेव्हाच अस्थिघनतेची डेक्सा तपासणी करावयास हवी होती. जागतिक आरोग्य संघटनेने १९९४ साली तिचे निकष ठरविले: तरुण प्रौढांच्या सरासरीहून २.५ प्रमाण विचलने किंवा त्याहून खाली घनता गेली, तर ऑस्टिओपोरोसिस. मी तपासणी केली ती तीन वर्षांनी, आई देवघरात पडून खुबा मोडल्यानंतर. पुढे ती काठीवाचून चालली नाही.

नाचणी, दूध, कोवळे ऊन हे हवेच. शंभर ग्रॅम नाचणीत तीनशे मिलिग्रॅमहून अधिक कॅल्शियम असते. परंतु घनता फार उतरली असेल तर तेवढ्याने भागत नाही, औषधे घ्यावी लागतात. आमच्या भगिनी येथेच संकोच करतात, आणि घरचेही "वयच झाले" म्हणून गप्प बसतात.

मनगटाचे व्यायाम ज्यांना पाहावयाचे असतील त्यांनी सभेनंतर थांबावे. ते मी करून दाखवीन.