खिशांतील चाळ

मोबाइलच्या पडद्यावर एके दिवशीं सूचना येते कीं, साठवणुकीची जागा संपत आली आहे. घरांतील कर्ता मुलगा आईचा जुना फोन हातांत घेतो व सफाईस लागतो. जें अ‍ॅप सर्वांत अधिक जागा अडवून बसलेलें दिसतें, त्याच्या नांवावर तो बोट ठेवतो. पुढें दोन बटणें दिसतात. एकावर ‘कॅशे साफ करा’ असें लिहिलेलें असतें, दुसऱ्यावर ‘स्टोरेज साफ करा’ असें. दोहोंचा अर्थ त्याला एकच वाटतो. तो दुसरें दाबतो. फोन एकवार ‘नक्की ना?’ म्हणून विचारतो. तोहि ‘होय’ म्हणतो. क्षणार्धांत जागा मोकळी होते खरी. परंतु आईनें लिहिलेले निरोप त्याच अ‍ॅपमध्यें होते, आणि आई आतां नाहीं.

अशी गोष्ट कोणत्याहि घरांत घडूं शकेल, आणि तिचें कारण केवळ उतावीळपणा नव्हे. कोणती वस्तु कोठें ठेवलेली आहे हें ठाऊक नसतां केर काढावयास घेतला, म्हणजे केराबरोबर दागिनाहि जावयाचा! यासाठीं मोबाइलमधील अ‍ॅप्स आपलें सामान कोठें ठेवतात, हें एकदां समजून घेणें अगत्याचें आहे.

फोनच्या आंत फिरणारी तबकडी नसते. तेथें सिलिकॉनच्या चिपवर असंख्य सूक्ष्म कप्पे असतात व त्यांत विद्युत्कण कोंडून ठेवलेले असतात. वीज बंद झाली तरी ते कण जागचे हालत नाहींत. म्हणूनच बॅटरी संपलेल्या फोनमधील छायाचित्रें नाहींशीं होत नाहींत. ‘फ्लॅश’ या नांवानें ओळखली जाणारी ही साठवण जपानांतील तोशिबा कंपनींत फुजिओ मासुओका यांनीं शोधून काढली. आजच्या फोनमध्यें तिचा जो प्रकार वापरला जातो, तो त्यांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९८७ सालीं जगापुढें मांडला.

परंतु नुसती जागा म्हणजे घर नव्हे. तिची वांटणी व्हावी लागते. अँड्रॉइड फोनमधील वांटणी मुंबईच्या चाळीसारखी आहे. नवें अ‍ॅप आलें कीं, फोनची व्यवस्था त्याला एक स्वतंत्र क्रमांक देते आणि त्या क्रमांकाच्या नांवें एक खोली लावून देते. शेजारच्या बिऱ्हाडाला तींत डोकावतां येत नाहीं. इतकेंच नव्हे, तर फोनच्या मालकालाहि एरवीं तेथें हात घालतां येत नाहीं. बँकेचें अ‍ॅप आणि पत्त्यांच्या खेळाचें अ‍ॅप एकाच फोनमध्यें सुखानें नांदतात, तें या भिंतीमुळेंच.

प्रत्येक खोलींत सामान्यतः चार प्रकारचें सामान असतें. पहिलें, अ‍ॅपनें स्वतः तयार केलेल्या फाइल्स. दुसरें, नोंदवही. निरोप, हिशेब, नांवें व तारखा हीं सर्व तींत ओळीनें लिहिलेलीं असतात. ही वही बहुधा ‘एसक्यूलाइट’ पद्धतीची असते, अमेरिकेंतील डी. रिचर्ड हिप यांनीं ती २००० सालीं प्रथम प्रसिद्ध केली. तिसरें, अक्षरें मोठीं हवींत कीं लहान, भाषा कोणती हवी, अशा आवडीनिवडींची टांचणें. चौथा प्रकार कॅशेचा. एकदां आणलेलें चित्र पुन्हां पुन्हां लांबून आणावें लागूं नये म्हणून हाताशीं ठेवलेली ही प्रत होय. जागेची अडचण पडली, तर फोनची व्यवस्था ही प्रत न विचारतां टाकूनहि देते. आयफोनमध्येंहि प्रत्येक अ‍ॅपला अशीच बंद खोली असते आणि तेथेंहि टिकाऊ सामानाचे व तात्पुरत्या सामानाचे कप्पे वेगळे असतात.

खोल्यांच्या बाहेर चाळीचा चौक असतो. कॅमेऱ्यानें घेतलेलीं छायाचित्रें आणि उतरवून घेतलेलीं पुस्तकें व कागदपत्रें बहुधा या सामाईक जागेंत राहतात. पूर्वीं या चौकांत फार मोकळीक होती. एकदां परवानगी मिळविलेलें अ‍ॅप कोणाचीहि वस्तु उलथीपालथी करूं शके. २०१९ सालच्या दहाव्या आवृत्तीपासून अँड्रॉइडनें ही मोकळीक आवळण्यास आरंभ केला आणि २०२० सालच्या अकराव्या आवृत्तींत नियम अधिक कडक झाले.

तिसरें ठिकाण फोनमध्यें नसतेंच. कांहीं अ‍ॅप्स आपलें खरें धन दूरच्या संगणकांवर ठेवतात व फोनमध्यें केवळ नक्कल बाळगतात. येथेंच मनुष्य फसतो. कारण बाहेरून दोन अ‍ॅप्स सारखींच दिसतात. व्हॉट्सॲपवरील निरोप पोंचता झाला, कीं तो कंपनीच्या संगणकावर ठेवला जात नाहीं. तो राहतो फोनमधील नोंदवहींत. टेलिग्रामवरील साध्या संभाषणाची गोष्ट उलट आहे. तें कंपनीच्या संगणकांवर असतें आणि नव्या फोनवर नांव नोंदवितांच पुन्हां समोर येतें. एकाचीं पत्रें घरच्या पेटींत, दुसऱ्याचीं परगांवच्या कोठारांत! पेटी जाळली तर पहिल्याचें सर्वस्व जातें, दुसऱ्याचें कांहींच जात नाहीं.

एवढें ध्यानांत आलें म्हणजे त्या दोन बटणांचा अर्थ आपोआप उलगडतो. ‘कॅशे साफ करा’ म्हणजे हाताशीं ठेवलेल्या प्रती टाकणें. अ‍ॅप पुढें थोडा वेळ मंद चालेल. एरवीं हानि नाहीं. ‘स्टोरेज साफ करा’ म्हणजे खोलींतील नोंदवहीसह सर्व सामान रस्त्यावर फेंकणें. अ‍ॅप राहतें, परंतु जणूं आजच बिऱ्हाड केल्यासारखें. अ‍ॅप काढूनच टाकलें, तर बिऱ्हाड उठतें व खोलीहि रिकामी होते. चौकांतील छायाचित्रें मात्र सहसा जागच्या जागीं राहतात. आयफोनमध्यें २०१७ सालच्या अकराव्या आवृत्तीपासून आणखी एक सोय आहे : अ‍ॅप तेवढें काढावयाचें आणि त्याचें सामान तसेंच कुलुपांत राहूं द्यावयाचें.

एकदां पुसलेलें परत आणून देण्याचें आश्वासन बाजारांत पुष्कळ मिळतें. त्यावर भिस्त ठेवूं नये. अलीकडील फोनमध्यें सर्व मजकूर कूटलिपींत लिहिलेला असतो. त्याची किल्ली नष्ट झाली, म्हणजे उरलेल्या अक्षरांतून अर्थ काढणें जवळजवळ अशक्य होतें. जी भिंत चोराला अडविते, तीच पश्चात्ताप पावलेल्या मालकालाहि अडविते.

म्हणून सफाईच्या आधीं तीन प्रश्न विचारावे. ही वस्तु खोलींत आहे, चौकांत आहे, कीं दूरच्या कोठारांत? तिची दुसरी प्रत कोठें आहे काय? आणि ती प्रत उघडून कोणीं पाहिली आहे काय? तिसरा प्रश्न विशेष महत्त्वाचा. कारण पुष्कळ घरांत बॅकअप चालू असल्याची समजूत असते, आणि तो महिनोन्‌महिने झालेलाच नसतो.

जागा काय, पुन्हां विकत मिळते. आईनें ‘जेवलास का?’ म्हणून विचारलेला दोन शब्दांचा निरोप अगदींच थोडी जागा घेतो. त्याला मोकळें करून फोनला कांहींच मिळत नाहीं. तो आधीं दुसरीकडे उतरवून ठेवावा, उघडून एकदां वाचावा आणि मगच केरसुणी हातांत घ्यावी.