धमन्या कठीण का होतात?

(समाजाच्या वार्षिक मेळाव्यात खापा येथे दिलेले व्याख्यान)



माझे चुलते ह्याच गावी मागावर बसलेले असता छातीत कळ येऊन गेले. अंगाने ते सडपातळ होते. तेव्हा अशा काटक माणसास हृदयविकार कसा, असे जो तो म्हणू लागला. त्या प्रश्नासाठीच मी आजचा विषय निवडला आहे.

धमनी म्हणजे नळ व तीत साचणारी चरबी म्हणजे गाळ, अशी आपली समजूत असते. कन्हानच्या वळणावर रेती साचते, तसा हा विकारही धमनीच्या वळणावर व फाट्यावर अधिक दिसतो, हे खरे. परंतु ही क्रिया प्रवाहात नव्हे, भिंतीच्या आत घडते. धमनीला पेशींच्या एकाच थराचे तलम अस्तर असते. सरळ प्रवाहात ह्या पेशी ताण्याच्या सुताप्रमाणे एका दिशेने लागलेल्या असतात. जेथे प्रवाहात भोवरे होतात तेथे ती रचना विसकटते. तंबाखू, रक्तदाब आणि मधुमेह ह्यांनी अस्तर आणखी दुबळे होते.

कोलेस्टेरॉल वाहून नेणारे एल. डी. एल. नावाचे अतिसूक्ष्म कण ह्या अस्तरातून आत शिरतात, भिंतीत अडकतात आणि तेथे त्यांचे ऑक्सिडीकरण होते. मग अस्तराच्या पेशी आपल्या पृष्ठभागावर चिकट रेणू उभे करून रक्तातील पांढऱ्या पेशींना थोपवून धरतात. त्या आत जाऊन ते कण गिळू लागतात; गिळता गिळता त्यांच्यात चरबी इतकी भरते की सूक्ष्मदर्शकाखाली त्या फेसाळ दिसतात, व पुष्कळशा तेथेच मरतात. मधल्या थरातील स्नायुपेशी सरकून ह्या राशीवर तंतूंचे आवरण विणतात. कालांतराने तीत कॅल्शियमचे क्षार बसून भिंत कठीण होते. (हा खर्ऱ्यातला चुना नव्हे, खर्ऱ्याचे दोष निराळे व पुरेसे आहेत.) आवरण जाड असेतो निभते, ते झिजून फाटले की रक्त आतील द्रव्यास भिडते आणि गुठळी होते.

सेंट पीटर्सबर्ग येथे अनिच्कोव ह्यांनी १९१३ साली सशांना कोलेस्टेरॉल चारून हा विकार उत्पन्न केला. त्यात दाहाचाही भाग किती, हे २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगाने दाखविले. दहा हजारांवर रुग्णांच्या त्या प्रयोगात इंटरल्यूकिन-१ बीटा ह्या दाह चेतविणाऱ्या एका रेणूस अटकाव करताच, कोलेस्टेरॉल न उतरताही, झटके कमी झाले. मात्र जंतुसंसर्गाने दगावणारे वाढले.

आता सडपातळपणाविषयी. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक व इंग्लंडचे डॉ. जॉन युडकिन ह्यांनी २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचाच दाखला दिला. उंचीच्या मानाने दोघांचे वजन सारखे, देहभारांक २२.३, परंतु शरीरातील चरबी युडकिन ह्यांची ९.१ टक्के, तर याज्ञिक ह्यांची २१.२ टक्के! पोटात दडलेली चरबी इन्शुलिनचा प्रभाव मंदावते आणि रक्तातील चरबीचे प्रमाण बिघडविते. माझ्या चुलत्यांची साखर कोणी कधी मोजलीच नव्हती.

सभा आटोपल्यावर मी रक्तदाबाचे यंत्र घेऊन ओसरीवर बसणार आहे. प्रथम मागावरील सडसडीत मंडळींनी यावे; स्थूल मंडळी आपण होऊन येतातच.