साडेसात ते नऊ

(मंडळाच्या श्रावणातील कौटुंबिक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



'डिजिटल एजन्सीचे काम, सोशल मीडिया आणि कुटुंब' हा विषय आमच्याकडे आला तेव्हा घरात सगळे हसले. कारण विषय आमच्याच घरातला आहे. आमचा धाकटा भाऊ आणि त्याची बायको मिळून हिमायतनगरला अशी एक छोटी एजन्सी चालवतात. आम्ही स्वतः सरकारी नोकर, साडेदहा ते पाचवाले. त्यांच्या धंद्यातले बारकावे आम्हाला बेताचेच कळतात. पण एका छपराखाली राहतो, एका ताटात जेवतो, तेव्हा जे दिसते ते सांगतो.

आधी हे काम काय असते ते सांगायला हवे. आपल्यातल्या बऱ्याच ज्येष्ठांना ते माहीत नसते आणि त्यावरून घरोघरी उगाच कुरबुरी होतात. दाताचा दवाखाना, साड्यांचे दुकान, कोचिंग क्लास, मिठाईवाला, अशा लोकांची इन्स्टाग्राम आणि फेसबुकवरची पाने ही मुले चालवतात. महिन्याच्या सुरुवातीला कोणत्या तारखेला काय टाकायचे याचा तक्ता करतात. मग चित्रे, मजकूर, रील्स. प्रत्येकाला मालकाची मंजुरी. जाहिरातीवर रोज किती पैसे घालायचे त्याचा हिशेब. लोकांच्या प्रश्नांना उत्तरे, तक्रारींना त्याहून लवकर उत्तरे. महिनाअखेरीस अहवाल. आणि हे सगळे ज्या यंत्रावर चालते, त्याच यंत्रावर मावसबहिणीच्या नातवाचे बारसे आणि औरंगाबादच्या लग्नाचे फोटो येतात. सासूला दिसते ते इतकेच, की सून तासभर काचेवर बोट फिरवते आहे. ती कोणा गिऱ्हाइकाची समजूत घालते आहे की लग्नातल्या पैठण्या बघते आहे, हे बाहेरून कळत नाही. तिला विचाराल तर तीही हसून सांगते, की कामासाठी उघडलेले पान अर्ध्या तासाने कुठे नेऊन सोडेल याचा भरवसा नाही. सुताराने रंधा खाली ठेवला की काम थांबले हे सगळ्या घराला समजते. इथे रंधाही तोच आणि खेळणेही तेच.

आमचा पुतण्या तिसरीत आहे. शाळेत आईवर पाच ओळी लिहायच्या होत्या. त्याने पहिलीच ओळ लिहिली, 'माय मदर इज ऑलवेज ऑनलाइन.' त्याने ती कौतुकाने लिहिली होती हो, बाईंनीही बरोबरची खूण केली होती. पण ती वही त्या रात्री जेवणाच्या टेबलावर बराच वेळ उघडी पडून होती.

या कामाची खरी कसोटी सणाला लागते. आपल्याला वाटते सण म्हणजे सुट्टी. यांच्यासाठी सण म्हणजे सुगी. गणेश चतुर्थीला प्रत्येक मालकाला शुभेच्छांचे चित्र हवे असते, तेही सकाळी सहाला, शेजारच्या दुकानाच्या आधी. दातांच्या डॉक्टरांना मोदक हवा आणि दातही हवेत. कोचिंग क्लासला गणपतीच्या हातात पेन हवे. चित्रे आठ दिवस आधी तयार करून वेळ लावून ठेवता येतात, तशी सोय आहे. पण मालक आदल्या रात्री अकराला फोन करून म्हणतो, मखराचा रंग बदला. महालक्ष्म्यांच्या जेवणाच्या दिवशी आमच्याकडे सोळा भाज्या चिरायला तीन घरच्या बायका जमतात, आणि त्यातल्या एकीच्या कानाला फोन असतो. तिलाही ते आवडत नाही. ती एका हाताने भोपळा धरते आणि दुसऱ्या हाताने 'अप्रूव्हड का?' असे लिहिते.

यातून एक गोष्ट मात्र चांगली निघाली, ती सांगायलाच हवी. मागे एका चित्रात गणपतीची सोंड उजवीकडे गेली होती. आमच्या आईने ते सहज पाहिले आणि म्हणाली, 'अगं, उजव्या सोंडेचा गणपती, त्याचे सोवळे कोण सांभाळणार? तो दुकानदार?' तेव्हापासून सणाचे प्रत्येक चित्र आईच्या नजरेखालून जाते. तेलुगू मंडळींसाठी 'विनायक चविती' लिहायचे, त्यांच्या चित्रात मोदकांऐवजी कुडुमुलु ठेवायचे, पत्री दाखवायची तर एकवीस, हे सगळे ती बघते. चौऱ्याहत्तराव्या वर्षी तिला काम मिळाले आहे. पगार मागते, अजून मिळालेला नाही.

आता मुद्द्याकडे येऊ. संध्याकाळ कोणाची, हा मुद्दा आहे.

आपल्या नारायणगुड्यात केशव मेमोरियल शाळा १९४० साली सुरू झाली, न्यायमूर्ती केशवराव कोरटकरांच्या स्मरणार्थ. इसामिया बाजारातले आपले मराठी ग्रंथ संग्रहालय तर १९२२ सालचे. निजामाच्या राजवटीत, जिथे सरकारदरबारी मराठीला स्थान नव्हते, तिथे शाळा, वाचनालये, मेळे उभे राहिले आणि टिकले. अशी कामे चालतात ती वकील, मास्तर, कारकून यांच्या कचेरी सुटल्यावरच्या दोन-तीन तासांवर. पक्षकार घरी यायचे, नाही असे नाही. पण दिवेलागणीला वकीलसाहेब बाहेर पडले की पक्षकार उद्या यायचा. आज मंडळाला वर्गणी मिळते, आणि न मागताही मिळते. संध्याकाळ मिळत नाही. नाटकाच्या तालमीला चार जण जमले की त्यातले दोघे कॉलवर असतात.

यावर महाराष्ट्रात एका गावाने काय केले ते आपल्यापैकी काहींनी वर्तमानपत्रात वाचले असेल. सांगली जिल्ह्यात कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव आहे. वस्ती तीन हजारांच्या आसपास. कोरोनाच्या काळात ऑनलाइन शाळेसाठी मुलांच्या हाती फोन आले, शाळा पुन्हा उघडल्या तरी ते हातातून सुटेनात. तेव्हा ऑगस्ट २०२२ मध्ये, स्वातंत्र्यदिनाच्या आदल्या दिवशी, सरपंच विजय मोहिते आणि ग्रामस्थांनी ठरवले, की रोज संध्याकाळी सात वाजता भोंगा वाजेल आणि साडेआठपर्यंत टीव्ही आणि मोबाइल बंद. मुलांनी अभ्यास करायचा, मोठ्यांनी वाचायचे, बोलायचे. भोंगा गावच्या भैरवनाथाच्या देवळावर आहे. सुरुवातीला अंगणवाडी सेविका, आशाताई, पंचायतीचे कर्मचारी घरोघर फिरून सांगत होते. काही जण हसलेही. पुढे ते अंगवळणी पडले.

ही बातमी आमच्या घरी चर्चेला आली तेव्हा धाकटा म्हणाला, 'दादा, तिथे सगळे एकदम बंद करतात. मी एकट्याने बंद केले तर माझे गिऱ्हाईक जाते.' आम्हाला वाटते, सगळे मर्म याच वाक्यात आहे. वडगावात सातच्या भोंग्याने कोणाचे नुकसान होत नाही, कारण शेजाऱ्याचाही फोन बंद असतो. शहरात आपल्या भोंग्याच्या टप्प्यात फक्त आपलेच घर येते. मालक माधापूरला, त्याचा भाऊ डॅलसला, आणि त्यांची सकाळ आपल्या रात्रीत उगवते. म्हणून 'फोन ठेव' असे मुलांना आणि सुनांना सांगणे सोपे, पण पुरेसे नाही. फोन ठेवायचा तर पलीकडच्यालाही ते मान्य असावे लागते.

कायद्याने ते मान्य करून घेण्याचे प्रयत्न झाले आहेत. फ्रान्समध्ये १ जानेवारी २०१७ पासून पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या कंपन्यांना कामानंतरच्या संपर्काबद्दल कर्मचाऱ्यांशी बोलणी करावी लागतात. आपल्याकडे सुप्रिया सुळे यांनी २०१८ साली लोकसभेत याच हक्काचे खाजगी विधेयक मांडले होते, त्याचा कायदा झाला नाही. ऑस्ट्रेलियात कामाच्या वेळेनंतर आलेल्या निरोपाला उत्तर न देण्याचा हक्क २६ ऑगस्ट २०२४ पासून आहे, आणि पंधरापेक्षा कमी माणसांच्या छोट्या आस्थापनांना तो २६ ऑगस्ट २०२५ पासून लागू झाला. म्हणजे त्या वर्षी आपला गणपती बसण्याच्या आदल्या दिवशी! आपल्या तेलंगणात जुलै २०२५ मध्ये निघालेल्या आदेशाने व्यापारी आस्थापनांना दिवसाला १० तास काम घेता येते, आठवड्याची मर्यादा ४८ तासांची. या सर्वांत एक गोम आहे. कायदा नोकर आणि मालक यांच्यातला असतो. आमचा धाकटा कोणाचाच नोकर नाही. स्वतःच मालक, आणि वर नऊ मालक. त्याला सुट्टी देणारा कोणी नाही.

मग घरात बसून ठरवले. आम्ही दोघे, ते दोघे आणि आई. साडेसात ते नऊ सगळ्यांचे फोन देव्हाऱ्याखालच्या कप्प्यात. आमचाही, कारण सरकारी नोकराचाही फोन आता पाचला सुटत नाही. खात्याचा ग्रुप आहे आणि साइटचा फोटो रात्री आठलाही मागतात. आम्ही वरिष्ठांना सांगितले, की नऊनंतर पाठवू. त्यांनी 'ओके' लिहिले. एवढेच. इतके दिवस कोणी विचारलेच नव्हते.

धाकट्याचे इतके सोपे नव्हते. त्याने आणि सूनबाईंनी नऊच्या नऊ गिऱ्हाइकांना लेखी कळवले, की साडेसातनंतरच्या निरोपाला उत्तर दुसऱ्या दिवशी सकाळी मिळेल. तातडी असेल तर घरच्या दुसऱ्या नंबरवर फोन करावा, आणि तातडीची कारणे दोनच: पान कोणी बळकावले, किंवा चुकीची किंमत छापून गेली. आठ जणांनी मान्य केले. त्यातल्या मिठाईवाल्याने तर, 'हौ भई, आम्हालाबी घरी जायचं असतं,' असे खास आपल्या हैदराबादी मराठीत कळवले. नववे साड्यांचे मोठे दुकान होते. त्यांनी काम काढून घेतले. महिन्याच्या उत्पन्नाचा जवळजवळ पाचवा हिस्सा गेला. धाकट्याच्या घराचा हप्ता चालू आहे, मुलाची शाळा आहे. तेव्हा हे आम्ही टाळ्यांसाठी सांगत नाही. ज्याला परवडेल त्याने करावे आणि ज्याला परवडत नाही त्याला घरच्यांनी टोचून बोलू नये, एवढेच आमचे मत आहे. ते दुकान गेल्यावर घरखर्चाची वाटणी आम्ही नव्याने केली. संध्याकाळ सगळ्यांना हवी तर तिची किंमतही सगळ्यांनी द्यायची, असे आईनेच सुचवले.

एक राहिले. त्यांच्याकडे दोन तेलुगू मुली कामाला आहेत. एक नागोलहून येते, एक मियापूरहून, दोघी मेट्रोने. आपली संध्याकाळ वाचवून त्यांच्याकडून रात्री उत्तरे लिहून घ्यायची, हा मार्ग खुला होता आणि धंद्यातल्या एका हितचिंतकाने तो सुचवलाही. सूनबाईंनी साफ नकार दिला. त्या मुलींनाही साडेसातनंतर फोन नाही.

आता थोडे आपल्याबद्दल, म्हणजे इथे बसलेल्या सर्वांबद्दल. रात्री साडेदहाला साडीच्या दुकानाच्या पानावर 'प्राइस प्लीज' कोण लिहिते? उत्तर सकाळपर्यंत आले नाही तर एक तारा देऊन मोकळे कोण होते? ते गिऱ्हाईक डॅलसला नसते. ते बरकतपुऱ्यात, काचीगुड्यात, आपल्या बाजूच्या खुर्चीवर असते. मालक मुलांच्या मागे लागतो तो आपण त्याच्या मागे लागतो म्हणून. पलीकडे कोणाची तरी सून पोळ्या लाटता लाटता उत्तर लिहीत असते. वडगावचा भोंगा आपल्याला बसवता येणार नाही, पण या बाजूची घाई तरी आपल्या हातात आहे.

आणि मंडळाचे काय? गणपती तोंडावर आले.  दहा दिवस रोज साडेसातची आरती, आणि दरवर्षी आरती संपायच्या आत फोटो पानावर हवे असतात. ते फोटो टाकणारी तीन मुले आपलीच आहेत. आरती चालू असताना ती खांबाला टेकून फोनवर मजकूर लिहितात, आणि मंत्रपुष्पांजलीला त्यांचा आवाज नसतो. आमची सूचना अशी, की यंदा आरतीचे फोटो दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला टाकावेत. पुण्या-मुंबईचे आणि परदेशातले आपले नातेवाईक एक रात्र थांबतील. रोज एकाच ज्येष्ठ सभासदाने साध्या फोनवर चार फोटो काढावेत आणि मुलांना आरतीत उभे राहू द्यावे. पहिल्या दिवसाची जबाबदारी आमच्या आईने घेतली आहे. तिने फोटो काढायला शिकूनही घेतले, फक्त कोपऱ्यात बोट येते.

येत्या रविवारी सकाळी दहाला कार्यकारिणीची बैठक आहे. ही सूचना तिथे लेखी देत आहोत. ज्यांची मुले ते पान सांभाळतात त्यांनी बैठकीला त्या मुलांना बरोबर आणावे, कारण काय जमेल आणि काय नाही हे त्यांनाच माहीत आहे.