मंडळाच्या कमानीवर कोणती वेल?

(गणेशोत्सवातील सायंकाळच्या कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मंडळाच्या फाटकावर लोखंडी कमान उभारून तिच्यावर वेल चढवायची, असे कार्यकारिणीने ठरवले आहे. पण वेल कोणती, यावर दोन बैठका होऊनही एकमत झाले नाही. तरुण मंडळींना बोगनवेल हवी, काहींना मधुमालती, तर महिला मंडळाचा जाई-जुईचा आग्रह. शेवटी, "काका, तुम्ही निवृत्त आहात, बागेत रमता, तुम्हीच सांगा," असे म्हणून हा विषय माझ्या गळ्यात घातला गेला. मी काही वनस्पतिशास्त्राचा माणूस नाही. उभी नोकरी सिंचन खात्यात गेली. मात्र या बाबतीत मी एक मोठी चूक केलेली आहे, आणि तेवढ्या अधिकारावर बोलतो आहे.

१९६७ साली वडिलांची बदली रायपूरला झाली. त्या वेळी हे मध्य प्रदेशात होते. आईने वर्धा जिल्ह्यातल्या आपल्या माहेरून जुईची फांदी ओल्या फडक्यात गुंडाळून आणली होती. गोंदिया, डोंगरगड, राजनांदगाव, दुर्ग अशी स्टेशने येत होती आणि ती प्रत्येक ठिकाणी फडक्यावर पाणी शिंपडत होती. आमच्या घराच्या फाटकावर बांबूची कमान होती. तिच्या पायथ्याशी जुई लागली, जगली, पण कधी बहरली नाही. फाटक पश्चिमेला, मे महिन्यातला पारा ४४-४५ अंशांवर आणि जमीन भाटा. दरवर्षी उन्हाळ्यात ती करपायची आणि पावसाळ्यात पुन्हा फुटायची.

१९८९ साली मी त्या बांबूंच्या जागी पातळ लोखंडी पाइपाची कमान केली आणि जुईच्या शेजारीच मधुमालती लावली. आईला विचारले नाही. तीही काही बोलली नाही. मधुमालतीने तीन वर्षांत कमान झाकून टाकली. येणारे-जाणारे कौतुक करीत आणि मी फुशारत असे. जुई त्या पसाऱ्याखाली दिसेनाशी झाली.

१९९८ च्या जूनमध्ये पहिल्याच वादळी पावसात भिजून जड झालेल्या त्या वेलीसकट कमान आडवी झाली. शेजारचा शाळकरी मुलगा सायकल घेऊन नुकताच तिच्याखालून आत आला होता. दोन मिनिटांचा फरक. आजही ते आठवले की अंगावर काटा येतो.

दुसऱ्या दिवशी आमचा माळी कोयत्याने तो ढिगारा तोडत असताना त्याला खाली जुईचे जुने खोड सापडले. त्याला दोन हिरवे फुटवे होते. तो मला म्हणाला, "साहेब, मूड़ म घाम चाही, गोड़ म छइहाँ." डोक्याला ऊन हवे, पायाला सावली. आम्ही इतकी वर्षे नेमके उलटे केले होते. मुळे तापत्या मुरमात आणि शेंडा मधुमालतीच्या अंधारात. त्याने एक फुटवा वाकवून मातीत दाबला, वर वीट ठेवली. दोन महिन्यांनी मुळे धरल्यावर ते दाब कलम तोडून पूर्वेच्या भिंतीशी, तुळशीवृंदावनाच्या आडोशाला लावले. तिसऱ्या पावसाळ्यात जुई फुलली. आई २००६ मध्ये गेली. शेवटची काही वर्षे ती संध्याकाळी तिथेच खुर्ची टाकून बसत असे.

मित्रहो, एवढे घरचे सांगितले ते यासाठी, की आपण वेल निवडतो ती फुलाकडे बघून. निवडायची असते ती जागा, कमान आणि वेलीची चढण्याची रीत बघून.

आधी चढण्याची रीत. चार्ल्स डार्विनने १८६५ साली याच विषयावर दीर्घ निबंध लिहिला आणि १८७५ साली त्याचे पुस्तक झाले. त्याने पाहिले की सगळ्या वेली सारख्या चढत नाहीत. गोकर्ण आणि गणेशवेल स्वतःच आधाराला वेढे घेत जातात. दोडका, कारले, कृष्णकमळ हे ताण्यांनी धरतात. मनी प्लांट खोडावरच्या मुळांनी चिकटतो. बोगनवेल काट्यांच्या आधाराने दुसऱ्यावर रेलते. वेढे घेणारीला आणि ताणेवालीला बारीक दोरी पुरते. रेलणारीला मात्र माणसाने बांधावे लागते. जुईलाही बांधावेच लागते. बांधताना तार वापरू नये, ती खोडात रुतते. सुतळीचा सैल, इंग्रजी आठच्या आकड्यासारखा फास द्यावा.

दुसरी गोष्ट जमीन. भाटा, मटासी, डोरसा, कन्हार ही नावे इथे राहून आपल्यालाही पाठ झाली आहेत. भाट्यात पाणी टिकत नाही, तेव्हा दीड-दोन फूट खड्डा करून चांगली माती आणि कुजलेले शेणखत भरावे. कन्हारात उलटा त्रास. आपल्याकडे वर्षाला साधारण १२०० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये. त्या दिवसांत मुळे पाण्यात कुजतात. तिथे तळाशी विटांचे तुकडे आणि मातीत वाळू हवी. मंडळाच्या फाटकापाशी मी खणून पाहिले, एक फुटाखाली मुरूमच आहे.

तिसरी गोष्ट कमान. माझी चूक पुन्हा नको. जाड पाइप घ्या, दोन्ही पाय दोन फूट खोल काँक्रीटमध्ये रोवा, वर आडव्या पट्ट्या द्या. उंची सात फुटांपेक्षा कमी नको, कारण वेल खाली लोंबते आणि गणपतीची मूर्ती याच फाटकातून आत येते. पाइपाला काथ्याची दोरी गुंडाळा. उन्हात तापलेल्या लोखंडाला टेकून कोवळे शेंडे भाजतात, हे फार कमी लोकांच्या ध्यानात येते.

आता उमेदवारांकडे वळू. बोगनवेल आपल्या उन्हाला सर्वांत खंबीर. ती मूळची दक्षिण अमेरिकेची आणि तिचे नाव बोगनव्हील या फ्रेंच दर्यावर्दीवरून पडले. आपण जिला फूल म्हणतो ती रंगीत पाने असतात, खरे फूल आतले छोटे, पांढरे. पाणी जास्त झाले की नुसता पाला वाढतो. पण तिला काटे आहेत, आणि या फाटकातून संस्कारवर्गाची मुले धावत येतात. तिला कुंपणावर जागा द्यावी, कमानीवर नको. मधुमालतीचे फूल संध्याकाळी पांढरे उमलते, मग गुलाबी आणि शेवटी लाल होते, सुगंधही सुरेख. पण तिला वर्षातून एकदा कडक छाटणी करणारा माणूस लागतो. तो आपल्याकडे नाही, म्हणून तिलाही नमस्कार. संक्रांतवेल जानेवारीच्या सुमारास केशरी फुलांनी भरते, पण गणपतीत ती हिरवीच असते.

माझी सूचना अशी. आपले फाटक उत्तरेला आहे, म्हणजे कमानीचा एक पाय पूर्वेकडे, दुसरा पश्चिमेकडे. पश्चिमेच्या पायाला दुपारनंतरचे ऊन लागते. तिथे गोकर्ण लावावी. ती ऊन सोसते आणि शेंगवर्गातली असल्याने मातीलाही देऊन जाते. तिच्या जोडीला दर जूनमध्ये गणेशवेलीचे बी रात्रभर भिजवून पेरावे. दोऱ्यासारखी बारीक पाने, लाल चांदण्यांसारखी फुले, भार जवळजवळ नाहीच, आणि बहर नेमका गणपतीच्या दिवसांत. मुलांना मात्र बी तोंडात घालू देऊ नका. गंमत अशी, की ही वेलही मूळची अमेरिकेच्या उष्ण प्रदेशातली. इथे आली, रुजली आणि आपण तिला बाप्पाचे नाव दिले. आपणही बाहेरून येऊनच इथले झालो आहोत, तेव्हा तिला परकी म्हणण्याचा अधिकार आपल्याला नाही.

पूर्वेच्या पायाशी जुई. महिला मंडळाचे म्हणणे मी मान्य करतो, पण अटीवर. मुळांशी पालापाचोळ्याचा चार बोटे थर, दक्षिणेच्या बाजूला सावलीसाठी तुळशीची दोन रोपे, आणि जानेवारीत छाटणी. या पावसाळ्यात मी घरच्या जुईला एक दाब कलम बांधले आहे. ते मंडळासाठी आहे. ओल आहे तोवर, विसर्जनानंतरच्या रविवारी ते लावू, म्हणजे थंडीपूर्वी मुळे बसतील.

खरी परीक्षा पुढच्या मे महिन्यात आहे. तेव्हा आपली अर्धी मंडळी नागपूर-अमरावती-पुण्याला सुट्टीवर असतात. पहिल्या उन्हाळ्यात एक आठवडा पाणी चुकले तर इथे केलेली सगळी चर्चा फुकट जाईल. म्हणून कमानीच्या वर्गणीआधी मी आज दुसरीच यादी फिरवतो आहे. एप्रिल, मे आणि जूनची पाण्याची पाळी. पहिल्या आठवड्यासमोर माझे नाव लिहिले आहे. जो गावी जाईल त्याने आपली पाळी दुसऱ्याला सोपवून जावे, एवढीच विनंती.

गणपती बाप्पा मोरया!