रस्त्यावर काय दिसते?



आज मी तुमच्याशी गाडीच्या रंगाविषयी बोलणार आहे. हे ऐकून मागे बसलेले आपले एक दादा हसले. "काहो गुरुजी, आमच्या घरी कायची मोटार अन् कायचा रंग!" असे ते म्हणतात. त्यांचे म्हणणे खोटे नाही. पण दादा, मोटार तुमची नसली तरी रस्ता तुमचाही आहे. तुमची बंडी त्याच रस्त्याने जाते. तुमची लेक त्याच रस्त्याच्या कडेने शाळेत जाते. तेव्हा मोटार हाकणाऱ्याला काय दिसते आणि काय दिसत नाही, हे तुम्हाला कळले पाहिजे.

आधी आपल्या शेतात चला. तुम्ही वखर चालवता. मागे बगळे येतात आणि किडे टिपतात. काळ्या जमिनीत तो पांढरा बगळा किती दुरून दिसतो! आता तितूर घ्या. वाळलेल्या गवतात तो तुमच्या पायाजवळ बसलेला असतो. फडफड करून उडाला, की मगच कळते. बगळा मोठा आणि तितूर लहान, एवढेच याचे कारण नाही. बगळ्याचा रंग मातीहून वेगळा आहे. तितराचा रंग गवतासारखा आहे. तोच बगळा फुटलेल्या कापसात जाऊन बसला, तर तोही चटकन सापडणार नाही.

गाडीचेही तसेच आहे. डांबराचा रस्ता काळा. त्यावर काळी गाडी तितरासारखी लपते आणि पांढरी गाडी बगळ्यासारखी दिसते. पावसाळ्यात आभाळ राखी, रस्ता राखी, चाकाने उडवलेले पाणीही राखी. त्या वेळी राखी किंवा चंदेरी गाडी दिवे न लावता आली, तर जवळ येईपर्यंत समजत नाही. दाट धुके असले तर पांढरी गाडीही धुक्यात मिसळून जाते. म्हणून अमुक एक रंग सगळ्या वेळी चांगला, असे म्हणता येत नाही. आजूबाजूच्या रंगाहून वेगळा रंग दिसतो, एवढे खरे.

शिकलेल्या लोकांनी याचा हिशेबही केला आहे. ऑस्ट्रेलिया देशातील मोनॅश विद्यापीठाने २००७ साली पुष्कळ अपघातांची नोंद तपासली. दिवसाउजेडी पांढऱ्या गाड्यांपेक्षा काळ्या गाड्यांना धोका जास्त आढळला. तो किती? शेकडा दहा-बारा. म्हणजे पांढऱ्या गाड्यांचे १०० अपघात झाले, तर तितक्याच काळ्या गाड्यांचे ११० ते ११२ व्हायचे. न्यूझीलंड देशात २००३ साली असाच अभ्यास छापून आला. त्यात चंदेरी गाडी बरी ठरली! तेव्हा शहाण्यांचेही पूर्ण एकमत नाही. तरी गावातल्या एखाद्या पोराने गाडी घ्यायची म्हणून सल्ला विचारला, तर मी पांढरी घे असेच सांगेन. आपल्या अकोल्याच्या उन्हात ती कमी तापते, हा फायदा वेगळाच.

अमेरिकेत १९३९ साली शाळांच्या गाड्यांसाठी रंग ठरवायला एक सभा भरली. फ्रँक सायर नावाच्या शिक्षणतज्ज्ञाने ती बोलावली होती. भिंतीवर रंगीत पट्ट्या टांगून लोकांनी त्या पाहिल्या आणि पिवळा रंग पसंत केला. पहाटेच्या अंधुक उजेडातही पिवळा रंग दिसतो आणि त्यावर काळी अक्षरे वाचता येतात. आपल्याकडेही शाळेच्या गाड्या पिवळ्या असतात, त्या उगीच नाहीत.

"मग आपली एस.टी. लाल कशी?" हा प्रश्न कोणीतरी विचारणारच. १ जून १९४८ रोजी पुण्याहून अहमदनगरला पहिली एस.टी. निघाली, तेव्हा ती निळ्या आणि चंदेरी रंगाची होती. लाल रंग नंतर आला. दिवसा लाल एस.टी. कोसावरून ओळखू येते. पण लाल रंगाची एक खोड आहे. ती तुम्ही पाहिली असेल, पण ध्यानात घेतली नसेल. दारच्या जास्वंदीकडे दिवेलागणीला पाहा. दुपारी लालभडक दिसणारे फूल काळे पडल्यासारखे दिसते. त्याच झाडाची हिरवी पाने मात्र फुलापेक्षा उजळ दिसतात. फूल बदललेले नसते. बदलतो तो आपला डोळा. उजेड कमी झाला, की डोळ्याला लाल रंग नीट दिसत नाही. सुमारे २०० वर्षांपूर्वी युरोपात पुर्किंजे नावाच्या शास्त्रज्ञाने फुलांकडे पाहूनच ही गोष्ट टिपली. म्हणून दिवे न लावलेली लाल गाडी सांजवेळी काळ्या गाडीसारखीच समजा. दिवे लागल्यावर भीती नाही. दिव्याचा लाल प्रकाश वेगळा आणि पत्र्याचा लाल रंग वेगळा.

आता आपल्या रस्त्याकडे या. अमरावती ते अकोला हा मोठा रस्ता तुम्हाला माहीत आहे. पूर्वी त्याला ६ नंबरचा राष्ट्रीय महामार्ग म्हणत. आता त्याचा नंबर ५३ आहे. कित्येक वर्षे तो खड्ड्यांनी भरलेला होता. बंडी आणि मोटार दोघीही सारख्याच डुलत जायच्या! मग जून २०२२ मध्ये लोणी ते मूर्तिजापूर या भागात रात्रंदिवस काम चालले. ३ तारखेला सुरू झाले आणि ७ तारखेला संपले. १०५ तास ३३ मिनिटांत ७५ किलोमीटर डांबरी पट्टा अखंड टाकला. गिनीज बुकात त्याची नोंद झाली. आपल्या मुलखाचे नाव जगात झाले, याचा मलाही आनंद वाटला.

पण रस्ता गुळगुळीत झाला, की गाडी पळते. आपली बंडी मात्र पूर्वीच्याच चालीने चालते. येथे मुख्य धोका आहे. हिशेब करून पाहा. ताशी ८० किलोमीटर वेगाची गाडी एका सेकंदात २२ मीटर जाते. पुढे काही आहे हे दिसून पाय ब्रेकवर पडेपर्यंत दीड सेकंद जातो. तेवढ्यात ३३ मीटर संपले. नंतर ब्रेक लागून गाडी उभी राहायला आणखी ४० मीटर तरी लागतात. एकूण ७० ते ८० मीटर झाले. गावातल्या विजेच्या दोन खांबांत साधारण ५० मीटर अंतर असते असे धरा. म्हणजे दीड खांब अगोदर तुम्ही त्याला दिसला पाहिजेत. नाही दिसला, तर तो भला माणूस असूनही काही करू शकत नाही.

आणि रात्री काय दिसते? अंधारात रंगाला काही किंमत नाही. रंग म्हणजे वस्तूवरून परत आलेला उजेड. उजेडच नाही, तर परत काय येणार? समोरच्या मोटारीचा दिवा खाली वाकवलेला असला, तर त्याचा उजेड ४०-५० मीटरपर्यंतच नीट पोहोचतो. त्यात काळे कपडे घातलेला माणूस साधारण २० मीटरवर दिसतो. पांढरे कपडे असले तर ५० मीटरवर दिसतो. २० मीटरवर दिसून उपयोग काय? ते अंतर तर एका सेकंदात संपते.

रात्री जागलीला जाणारा आपला माणूस डोळ्यासमोर आणा. थंडीचे दिवस. अंगावर काळी घोंगडी. हातात काठी. त्याला स्वतःला मोटारीचे दिवे दुरून दिसतात. म्हणून त्याला वाटते, की मोटारवाल्यालाही मी दिसतोच आहे. हा समज फार घातक आहे. तुम्हाला दिवा दिसतो, म्हणून दिव्यामागच्या माणसाला तुम्ही दिसता असे नाही. घोंगडी घ्या, थंडी आहेच. पण वरून पांढरा दुपट्टा टाका. हातात बॅटरी ठेवा. आणि समोरून येणाऱ्या गाड्या दिसतील अशा बेताने उजव्या कडेने चाला.

बंडीची गोष्ट याहून अवघड आहे. समोरून येणाऱ्याला बैलांचे डोळे चमकताना दिसतात. मागून येणाऱ्याला बैल दिसतच नाहीत. मग जोडी कितीही पांढरीशुभ्र असो. त्याला दिसतो तो पऱ्हाटीचा किंवा कडब्याचा भारा, आणि त्याचा रंग तर रात्रीत मिसळलेला. कापूस पांढरा खरा, पण आपण त्यावर काळी ताडपत्री बांधतो. जुने लोक बंडीच्या आखाखाली कंदील टांगत. तो हलत जायचा. बंडीला रबरी टायर आले आणि कंदील मात्र गेला.

यावर सोपा उपाय आहे. तुम्ही ज्याला रेडियम म्हणता, ती चमकणारी पट्टी. हे नाव तसे चुकीचे आहे. रेडियम हा एक धातू आहे. मादाम क्युरी आणि त्यांचे पती यांनी तो १८९८ साली शोधला. पूर्वी घड्याळाचे काटे अंधारात चमकावेत म्हणून तो वापरत. आपल्या पट्टीत रेडियमचा कणही नसतो. ती स्वतः चमकत नाही. तिच्यावर पडलेला उजेड ती परत पाठवते.

तुम्ही म्हणाल, पोळ्याला शिंगांना बेगड लावतो, तोही चमकतोच की! चमकतो, पण त्यात फरक आहे. भिंतीवर तिरपा चेंडू मारा. तो दुसऱ्याच बाजूला जातो. तोच चेंडू खोलीच्या कोपऱ्यात मारा. दोन्ही भिंतींना लागून तो तुमच्याकडेच परत येतो. बेगड भिंतीसारखा आहे. पट्टी कोपऱ्यासारखी आहे. तिच्यात काचेचे बारीक मणी किंवा बारीक कोपरे असतात. उजेड जिकडून आला तिकडेच ते परत पाठवतात. म्हणून मोटारवाल्याला ती दीडशे मीटरवरूनही दिसते. विजेच्या तीन खांबांइतके अंतर झाले! रस्त्यावर रात्री जे बारीक ठिपके चमकतात, तेही याच जातीचे. इंग्लंडमधल्या पर्सी शॉ यांनी १९३४ च्या सुमारास ते काढले.

पट्टी कोठे लावावी? मागे लाल, बाजूंना पिवळी आणि पुढे पांढरी. हे रंग ठरलेले आहेत. कोणता रंग चमकला त्यावरून मोटारवाल्याला गाडीची पाठ आहे की तोंड, हे कळते. म्हणून मागे पांढरी लावू नका. ट्रॉलीच्या मागच्या फाळक्यावर दोन्ही टोकांना लाल पट्टी असावी, म्हणजे ट्रॉलीची रुंदी कळते. बंडीच्या मागच्या फळीवर आणि उभाऱ्यांवर लावा. भारा मागे लोंबत असला तर पट्टी झाकली जाते. अशा वेळी एका काठीला पट्टी गुंडाळून ती भाऱ्याच्या शेवटी बांधा. धूळ बसली की पट्टी आंधळी होते. आठवड्यातून एकदा ओल्या फडक्याने पुसा. हे काम घरातले लेकरूही करील.

ट्रॉली रस्त्यात बंद पडली, तर ती कडेला ओढा आणि मागे माणूस उभा करा. त्याच्या हाती बॅटरी द्या. आपल्याकडे चाकामागे आणि रस्त्यावर मोठे दगड ठेवतात. ट्रॉली दुरुस्त होऊन निघून जाते, पण दगड तेथेच राहतात. पुढच्या मोटारसायकलवाल्याचा त्यात जीव जातो. दगड ठेवणाऱ्यानेच ते उचलले पाहिजेत, या बाबतीत मी कोणाची सबब ऐकणार नाही.

मोटारसायकलीचेही एक सांगून ठेवतो. १ एप्रिल २०१७ पासून बनलेल्या नव्या मोटारसायकलींचा पुढचा दिवा दिवसाही आपोआप लागलेला असतो. तो बंद करायचे बटणच नसते. रस्त्यावरचे लोक हाताच्या खुणा करतात, "भाऊ, लाईट चालू आहे!" त्यांना वाटते पोट्टा विसरला. तो विसरलेला नाही. लहान गाडी उन्हातही दुरून दिसावी म्हणूनच सरकारने तसा नियम केला आहे.

उद्या संध्याकाळी पाच वाजता शाळेच्या आवारात आपापली बंडी किंवा ट्रॉली घेऊन या. पट्टी आणि कात्री मी आणून ठेवतो. मोजमाप वर्गातल्या बायांनी करायचे आहे, कारण आकडे त्यांचे जास्त पक्के झाले आहेत. फाळका आणि फळ्या मात्र घरूनच धुऊन, वाळवून आणा. मातीवर पट्टी चिकटत नाही.